काय दिवे लावलेस?

बाबांच्या जुन्या मायक्रोस्कोपचा बल्ब गेला. तसला आता कुठेच मिळेना, म्हणून मी त्यात एलईडी बसवायला घेतला. सोल्डर केलं, बटण दाबलं, ठार अंधार! बल्बला वायरी कशाही जोडल्या तरी चालायचं. या शहाण्याला प्लस-मायनस उलटं खपत नाही. सगळं पुन्हा उकललं, त्यात बोट भाजलं.

"काय दिवे लावलेस?" आईनं आतून विचारलं.

"लावतोच आहे!" मी खेकसलो.

वायरी बदलल्या आणि लख्ख उजेड पडला. बाबांनी डोळा लावला. फोकसचा स्क्रू मागेपुढे फिरवला.

"दिसतंय ना स्वच्छ?"

"भिंगावरची बुरशी अगदी स्वच्छ दिसतेय," बाबा म्हणाले. "जुन्या बल्बनं बिचाऱ्यानं अब्रू झाकली होती."