विसण

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. घाटावरचे लोक मला पातेलं म्हणतील. उकळ्या सोसून सोसून माझ्या अंगात आता त्राण उरलेलं नाही.

ठाण्यात मला घडवलं, तेव्हा माझ्या बुडात तोंड दिसायचं. तळवलीच्या बयाबाईंनी मला घेतलं आणि वर्षानुवर्षं माझ्यात भात रांधला. मग शहाऐंशी साली त्यांच्या दत्तूची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. बयाबाईंनी आपलं एक काढून दिलं. तेव्हापासून मला एकच काम, दत्तूसाठी पाणी उकळणं.

परक्या अवयवाला शरीराने झिडकारू नये म्हणून औषधांनी दत्तूची प्रतिकारशक्ती निजवून ठेवली होती. पाण्यातला न दिसणारा एखादा जीव पोटात गेला, तर त्याला हुसकावणारं आत कोणी जागं नव्हतं.

मी दिवसातून तीनदा खळखळत होतो. तरी दत्तूला जुलाब लागले, हाडं वर आली. तपासणीत परजीवी सापडले. असंच चाललं तर नवं मूत्रपिंडही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

"या मेल्या टोपाचाच कायतरी हाय!" म्हणत बयाबाईंनी मला राखेने घासघास घासलं. मी मुका. काय सांगणार?

शेवटी दवाखान्यातल्या नर्स सुमेधाबाई घरी आल्या. "मावशी, सांगू नका, करून दाखवा."

बयाबाईंनी पाणी वीस मिनिटं उकळलं, उतरवलं, आणि विहिरीच्या कळशीतलं तांब्याभर गार पाणी त्यात ओतलं.

"हे काय?"

"इसन घातला. नाय तं पोराचा तोंड पोलंल ना!"

आंघोळीच्या पाण्याला घालतात तसं विसण! त्या कच्च्या पाण्यातूनच परजीवी पोटात जातात, हे सुमेधाबाईंनी समजावलं, तसा बयाबाईंच्या हातातला तांब्या गळला. "म्हंजे किडनी मीच दिली, न मीच..." मला त्यांचा राग होता, तो तिथेच विरला.

औषधांनी दत्तू सावरला, पण फार सावकाश. पाणी झाकणाखाली निवेपर्यंत बयाबाई माझ्याजवळ बसून राहायच्या.

"आये, दे ना लवकर," दत्तू म्हणायचा.

"थांब. देयाला एकच व्हती, ती दिली. आता दुसरी नाय माझ्याकडं."

मित्रांनो, अशा आजाऱ्यासाठी पाणी नुसतं उकळू नका, त्याला निवायलाही वेळ द्या. माझ्या बुडाला भोक पडलंय, मी माळ्यावर पडून असतो. पण खाली नव्या टोपाला उकळी फुटली की कान देतो. झाकण ठेवल्याचा आवाज येतो. कळशी वाजत नाही. मग मला झोप लागते.