बिस्किटची पहिली चिठ्ठी

धाकटा माझ्याकडे कधी काही मागत नाही. त्यामुळे त्या रविवारी त्याने माझं मनगट धरलं, तेव्हा मीच घाबरलो.

"दादा, तुझ्या शब्दकोशात 'बिस्किट' घेताय म्हणे."

"विचार चाललाय," मी म्हणालो. खरं तर विचार संपला होता, पानं जुळणीला जायची होती.

"काढून टाक. एवढं एक कर माझ्यासाठी."

त्याची बायको पलंगाशी बसून शेंगा सोलत होती. "बघा भाऊजी, डॉक्टर म्हणतात जिवाला लावून घेऊ नका, आणि हे एका शब्दापायी झुरताहेत. बिस्किट काय, टोस्ट काय!"

धाकटा हसला नाही. "एकदा पळालो, दादा. खोटं नाही ते. पण तू छापलंस तर मी रोज पळत राहीन. मेल्यावरसुद्धा."

मी "बघतो" म्हणालो. मला आयुष्यभर एवढंच म्हणता आलं आहे.

हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच छापखान्यात होतो. मी मुद्रितं तपासायचो, तो बांधणी खात्यात. समोरच्या थिएटरात एक विनोदी सिनेमा लागला होता. त्यात बोट बुडू लागते आणि सगळ्यांच्या आधी जहाजाचा आचारी छातीशी बिस्किटांचा डबा धरून होडीत उडी मारतो. पुढे सगळे त्याला बिस्किटच म्हणतात. त्याच आठवड्यात बांधणी खात्याला आग लागली. धाकटा सर्वांत आधी बाहेर आला. दोघं आत अडकले आणि भाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते दोघं जगतील असंच वाटत होतं तेव्हा, चहाच्या वेळी धाकटा जिन्यावर दिसला आणि मी म्हणालो, "आला आमचा बिस्किट." सगळे खो खो हसले. माझ्या विनोदाला हशा मिळाला तो तेवढाच. धाकटा जिन्याशीच थबकला होता. कोण बोललं ते त्याला कळलं नाही. संध्याकाळी त्या भाजलेल्या दोघांतला एक गेला. नाव मात्र राहिलं. छापखान्यातून ते बंदरावर गेलं, तिथून खेळाच्या मैदानावर. इंग्रजी बोलणारी माणसं सर्रास म्हणू लागली, 'ही डिड अ बिस्किट', म्हणजे इतरांना सोडून आधी आपला जीव वाचवला.

आणि आता मी बोलीतल्या इंग्रजीच्या कोशात काम करतो. आमचा नियम असा, की पाच वेगवेगळ्या ठिकाणचे छापील दाखले असल्याशिवाय शब्द आत जात नाही. एकेक दाखला एकेका चिठ्ठीवर. बिस्किटचे बरोबर पाच होते. सर्वांत जुना कामगारांच्या इंग्रजी पत्रकातला: 'बांधणी खात्यातला बिस्किट कालच्या अंत्ययात्रेलाही फिरकला नाही.' फिरकला होता. रस्त्याच्या पलीकडे, झाडामागे उभा होता. मी पाहिलं होतं, आणि तेव्हाही गप्प बसलो होतो.

पाचातून एक गेली की चार. मंगळवारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी खण ओढला, चिठ्ठी काढली, कोटाच्या आतल्या खिशात घातली. फाडायला हात धजेना. घरी नेऊन पुस्तकात ठेवली, परत काढली, परत खिशात घातली.

बुधवारी मुख्य संपादक बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात गुलाबी कार्ड.

"काका, ही सही तुमचीच ना?"

खणातून चिठ्ठी काढली की तिच्या जागी गुलाबी कार्ड ठेवायचं, त्यावर शब्द आणि तारीख लिहून सही करायची, ही आमची पद्धत. तीस वर्षांची सवय. चिठ्ठी चोरताना मी कार्ड भरून ठेवलं होतं, झोकदार अक्षरात.

शेजारच्या टेबलावरचा तपासनीस म्हणाला, "काका दरोडा घालतील तर पावती देऊन येतील!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान मुद्रितात घातली. मी चिठ्ठी काढून दिली आणि मग, का कोण जाणे, सगळंच सांगितलं. चहाची वेळ, हशा, जिना. माझा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना दोनदा वाकावं लागलं.

"म्हणजे पहिला वापर पत्रकातला नव्हेच. तुमचा."

"बाई, तो खूप आजारी आहे. निदान ही आवृत्ती जाऊ द्या."

"शब्द अडवणं तुमच्या-माझ्या हातात नाही हो, काका. शाळेतली सभा चुकवली म्हणून माझी मुलगी काल मला बिस्किट म्हणाली. तिने ना तो सिनेमा पाहिलाय, ना तुमचा छापखाना." त्यांनी कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "नावं नको. पण खरं लिहा."

मी लिहिलं. दुसरं काही मला येतही नाही.

पुढच्या रविवारी मुद्रिताचं पान घडी करून धाकट्याकडे गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं: 'ते मी म्हटलं होतं.' चारच शब्द. खोलीत पाय ठेवला आणि तेही गेले.

"काढलास ना?" धाकट्याने विचारलं. उशीवरून मान उचलायलाही त्याला कष्ट पडत होते. "मला ठाऊक होतं. तू आहेस म्हणून..."

मी पान त्याच्या पांघरुणावर ठेवलं. त्यात लिहिलं होतं: 'उगम: एका जुन्या विनोदी चित्रपटातील पात्र. बोलण्यात प्रथम वापर: या कोशाच्या एका संपादकाने, स्वतःच्या धाकट्या भावाबद्दल.'

"काय आहे हे? अगं, माझा चष्मा कुठेय?"

"उशाखाली बघा की," स्वयंपाकघरातून त्याची बायको ओरडली. "भाऊजी, चहा टाकलाय, बसा!"

तो उशीखाली चाचपडू लागला. मी दाराकडे सरकलो. चप्पल पायात नीट बसेना, तशीच ओढत निघालो. त्यांचा जिना चढायला-उतरायला मला एरवी दहा मिनिटं लागतात, दर मजल्यावर थांबावं लागतं. त्या दिवशी कुठे थांबलो ते आठवत नाही.

खालच्या फाटकाशी होतो तेव्हा वरून हाक आली.

"दादा!"

मग परत, जरा हळू. "दादा?"