ओढ्याची वाट

घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'कुठं' म्हटलं की निघालेलं काम नासतं. अगदीच राहवत नसेल तर 'लांब का?' म्हणावं, निघालेल्यानं 'हे काय, जरा इथंच' म्हणावं, आणि दोघांनी त्यावर समाधान मानावं. सांगोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असलेला रेवणप्पा ही रीत देवपूजेपेक्षा कडक पाळायचा. कुणी चुकून 'कुठं' म्हटलंच तर तो आल्या पावली मागं फिरायचा, घरात बसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि मगच पुन्हा उंबरा ओलांडायचा. वर दिवसभर विचारणाऱ्याच्या नावानं खडे फोडायचा, ते वेगळंच.

रेवणप्पा मूळचा अक्कलकोटकडचा. त्याच्या घरात कानडी आणि दारात मराठी. हुद्द्यानं तो काही डॉक्टर नव्हता, पण मेंढ्या-शेरडांना लस टोचायचा, अडलेल्या गाईची सुटका करायचा, म्हणून सगळा तालुका त्याला डॉक्टरच म्हणे. बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती आणि फिरतीसाठी सरकारनं त्याला राजदूत मोटारसायकल दिली होती. त्या गाडीवर त्याचा बायकोइतकाच जीव होता, कदाचित काकणभर जास्तच. डांबरी सडकेनं जाणं त्याला कमीपणाचं वाटे. जिथं बैलगाडीवाला खाली उतरून बैलाची वेसण धरतो, तिथून हा गाडी फटफटवत न्यायचा. माळ, बांध, कोरडे ओढे, मेंढरांच्या पाऊलवाटा, सगळं त्याला सारखंच. सोबतीला कुणी नाही, प्यायला पाण्याची बाटली नाही. कुठून गेला आणि कुठून आला, हे त्याला आणि गाडीलाच माहीत.

मे महिना संपत आला होता. परमुलखात चरायला गेलेले कळप परतले होते. पहिल्या पावसाचं कोवळं गवत अधाशासारखं खाऊन मेंढ्या पटापट मरतात, त्याआधी त्यांना लस टोचायची असते. त्या दिवशी पांढरेवस्तीवरच्या कळपांची पाळी होती. बर्फ घातलेल्या थर्मासात लसीच्या बाटल्या ठेवून रेवणप्पानं तो कॅरियरला बांधला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि किक मारली. गाडी सुरू झाली, तेवढ्यात त्याची बायको दाक्षायणी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"कुटं निघालासा?" तिनं विचारलं. आणि तेवढ्यावर थांबली नाही. "कुठल्या वाटंनं?"

रेवणप्पानं गाडी बंद केली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत या बाईच्या तोंडून हा शब्द कधी निघाला नव्हता. शेजारची सोनाबाई सडा टाकता टाकता थांबली. तिनंही ऐकलं होतं. रेवणप्पाचं डोकं फिरलं.

"पांढरेवस्तीला चाललोय," तो ओरडला. "ओढ्याच्या वाटंनं. बाराला जेवायला घरात हाय. अजून काय पायजे? पंचांग काढून सांगू?"

तो पाय आपटत घरात आला, खाटेवर बसला, पाणी प्यायला, आणि तिच्याकडे न बघता पुन्हा निघाला. या सगळ्या सोपस्कारात पाव तास गेला. गेलेला पाव तास भरून काढायचा म्हणून गाडी जरा जोरात घेतली. आता अपशकुन 'कुठं' या शब्दात होता की त्या पाव तासाच्या घाईत, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पांढरेवस्तीला दोन वाटा होत्या. एक गाडीवाट, फेऱ्याची, सगळी माणसं तिनंच जायची. दुसरी ओढ्याच्या पात्रातून, निम्म्या अंतराची. दुष्काळात रोजगाराच्या कामावर तिथं बांध घालायला आडवा चर खणला होता, काम अर्धवट राहिलं आणि पुढच्या पुरात चर वाळूनं बुजला. वरून बघावं तर सपाट अंगण, आत भुसभुशीत. रेवणप्पाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. एरवी तो तिथं गाडीवरून उतरायचा आणि बाभळीखालून वळसा घेऊन गाडी हातानं न्यायचा. त्या दिवशी तो सरळ गेला.

पुढचं चाक वाळूत गुडघाभर रुतलं. गाडी आडवी झाली, आणि तिच्याखाली रेवणप्पाचा डावा पाय गेला. नडगीत काडकन आवाज झाला तो त्याला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटत होता. त्यानं बोटांनी मधे वाळू कोंबली तेव्हा कुठं जरा बरं वाटलं. टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं, टाकीखालची पेट्रोलची चावी हात लांबवून कशीबशी बंद केली. गाडी उचलायला गेला तर डोळ्यांपुढं अंधारी आली. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

त्यानं हॉर्न दाबला. दाबतच राहिला. दोन्हीकडं पुरुषभर उंचीच्या दरडी, वर नुसता माळ. होल्याचं पाखरू सुद्धा उडालं नाही. बॅटरी संपेल म्हणून त्यानं हॉर्न सोडला आणि पहिला तासभर एकच काम केलं, बायकोला शिव्या घातल्या. कानडीत घातल्या, मराठीत घातल्या. अवदसा आठवली म्हणाला. एवढं शिकवलं, सांगितलं, तरी ऐन निघताना तोंड उघडलंच, म्हणाला. ऊन वर येत होतं आणि शिव्यांना तरी सावली लागत नाही.

मग तहान लागली. थर्मास जवळच पडला होता. बर्फाचं पाणी झालं होतं. बर्फ गेला की लस गेली, हे तो दुसऱ्यांना दरडावून सांगत आला होता. दोनशे मेंढ्यांची लस. त्यानं मनातल्या मनात दोनशे मेंढ्यांची माफी मागितली आणि बाटल्या बाजूला काढून ते पाणी घोट घोट प्यायला.

पोटात गार गेल्यावर डोकं जरा चालायला लागलं. आपल्याला शोधायला कोण येईल? दवाखान्यातला धोंडीराम कंपाउंडर फार तर संध्याकाळी माणूस पाठवील, तोही गाडीवाटेनं. वस्तीवरचे धनगर म्हणतील, डॉक्टर आज आला नाही, उद्या येईल. या ओढ्यात आठ-आठ दिवस कुणी फिरकत नाही. आपण इथं पडलोय, हे जगात कुणाकुणाला ठाऊक आहे, हे तो एक एक नाव घेऊन आठवायला लागला. आणि सगळी नावं गळून एकच उरलं. ज्या बाईला तो तासभर शिव्या घालत होता, तिचंच.

रेवणप्पाच्या अंगावर भर उन्हात काटा आला. रोजच्यासारखं झालं असतं तर तो 'जरा इथंच' म्हणून निघाला असता, आणि 'जरा इथंच' नावाच्या गावाला शोधायला कोण जाणार? त्याला एकाएकी बायकोच्या त्या 'कुठं'चा राग येईना. मग दुसरीच भीती धरली. एवढं तोडून बोलल्यावर ती कशाला कुणाकडं जाईल? आपल्या तोंडानं अपशकुन झाला म्हणून तोंड लपवून बसली असेल. आणि तो तर रोजच बाराचे दोन करतो. आज तरी ती का घाबरावी? त्यानं देवाचं नाव घेतलं, सिद्धरामेश्वराला काय काय बोलला ते त्याचं त्याला माहीत, आणि थोड्या थोड्या वेळानं हॉर्न दाबत राहिला. हॉर्नचा आवाज बारीक होत गेला.

इकडं बारा वाजले, भाकरी गार झाली. एक वाजता दाक्षायणी दवाखान्यात गेली. धोंडीराम हसला. साहेब वस्तीवर ताक पीत बसले असतील, कोळे गावाकडं जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीनं माणूस पाठवतो, म्हणाला. ती म्हणाली, रागात दिलेला शब्द ते मोडत नाहीत, बारा म्हणजे बाराच. आणि तिनं त्याची वाट बघितली नाही. वस्त्यांना पाणी घेऊन जाणारा टँकर नाक्यावर उभा होता, त्याच्या ड्रायव्हरशेजारी ही बाई चढून बसली. जी कधी बाजाराला एकटी गेली नव्हती, ती. ओढ्याच्या तोंडाशी ती उतरली आणि ड्रायव्हरला तिनं बजावलं, की वस्तीवर जाऊन सांग, डॉक्टर ओढ्याच्या वाटेत आहेत, तुम्ही तिकडून या, मी इकडून बघत येते. हे सगळं रेवणप्पाला नंतर कळलं.

त्याला कळलं ते इतकंच, की दरडीवरून एक दगड गडगडत आला, आणि मागोमाग हिरव्या लुगड्याचा पदर दिसला. ती घामानं निथळत होती, एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती.

"तू हितं कशाला आलीस?" तो म्हणाला. तोंडातून निघालं ते हेच. आणि मग चाळीस वर्षांचा तो गडी लहान पोरासारखा रडायला लागला.

तिनं आधी गाडीला हात घातला. ती हलेना, आणि तो किंचाळला तशी तिनं सोडून दिली. मग बरोबर आणलेलं पाणी त्याला थोडं थोडं पाजलं, पदर भिजवून त्याच्या मानेवर ठेवला, आणि उन्हाकडं पाठ करून अशी बसली की तिची सावली बरोबर त्याच्या तोंडावर पडावी. ऊन सरकलं की ती सरकायची. अर्ध्या तासानं वरच्या अंगानं कोंडीबा पांढरे आला, वस्तीचा म्हातारा, मागं दोन तरणे गडी. तिघांनी गाडी उचलली. दोन काठ्यांना घोंगडं बांधून त्यात रेवणप्पाला घातला.

कोंडीबा सगळ्या वाटेनं पुढं चालला होता आणि प्रत्येक पावलाला काठी टोचून वाळू बघत होता. बोलायला तो तसा गरीब माणूस, पण त्या दिवशी त्यानं डॉक्टरला सोडलं नाही.

"मेंढरू बी आदी बगतंय, मग पाय टाकतंय, सायेब," तो म्हणाला. "आन् एकलं मेंढरू ओढ्यात उतरतच न्हाय. तुमी शिकल्याली मानसं, म्हून उतरतासा."

रेवणप्पानं घोंगड्यात पडल्या पडल्या हात जोडले. लोकरीचा उग्र वास नाकात भरला होता, आणि असा वास आपल्याला जन्मभर पुरला तरी चालेल असं त्याला वाटलं. टँकर घेऊन वाटेवर थांबलेल्या ड्रायव्हरला, कोंडीबाला, त्या दोन गड्यांना, ज्याला त्याला तो हात जोडत सुटला. फक्त शेजारून घोंगड्याची कड धरून चालणाऱ्या बाईला त्यानं हात जोडले नाहीत. नवऱ्यानं बायकोला हात जोडायची रीत नाही, आणि रीतीच्या बाबतीत हा गडी किती कडक, ते सांगितलंच आहे.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. पाय वाचला. आणखी एक दिवस उन्हात निघाला असता तर पायच काय, माणूसही हाती लागला नसता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पाचव्या दिवशी दुपारी दाक्षायणी खाटेशेजारी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. रेवणप्पाच्या मनात पाच दिवस एकच गोष्ट घोळत होती.

"त्या दिशी तू इसरलीस व्हय?" त्यानं विचारलं. "कुटं म्हनू नये, हे?"

ती मोसंब्याच्या शिरा काढत राहिली. काढून झाल्यावर बोलली.

"इसरले न्हाय. आठ दिस इचार केला, मग इचारलं. तुमची विजार धुताना गुडघ्याला तांबडा मुरूम घासल्याला दिसायचा. एकदा पोटरीवर कापड जळल्यालं दिसलं. तुमी पडत हुता आन् सांगत न्हवता. अपशकुन झाला तर माज्या माथी, म्हटलं, पर ठावठिकाणा कळू दे."

"मग गोडीनं इचारायचं हुतंस की. आदल्या दिशी, जेवताना."

"गोडीनं इचारलं तर तुमी 'जरा इथंच' म्हनता," ती म्हणाली. "चिडला की समदं खरं सांगता. मला ठावं न्हाय व्हय?"

रेवणप्पा छताकडं बघत पडून राहिला. म्हणजे सोनाबाईदेखत खाल्लेल्या त्या शिव्या तिनं समजून उमजून खाल्ल्या होत्या. त्याचा राग तिनं मागून घेतला होता, त्यातनं एका वाटेचं नाव निघावं म्हणून. आपण त्या ओढ्यात तासभर जिला शाप दिले, तिनं ते शाप आधीच हिशेबात धरलेले होते. उपकार हा शब्द बायकोपुढं कसा उच्चारायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मोसंब्याची फोड तिनं पुढं केली. त्यानं फोडीऐवजी तिचं मनगट धरलं, आणि तिनं काही विचारलं नसताना सांगायला लागला. पहिल्यांदा पडलो तो संक्रांतीच्या आधी, बांधावरून उतरताना. दुसऱ्यांदा माण नदीच्या पात्रात, वाळूत. तिसऱ्यांदा शेळीला वाचवायला गेलो, तेव्हा हँडल छातीत बसलं, आठ दिवस श्वास घेताना दुखायचं, तुला मात्र 'सर्दी झालीय' म्हणून सांगितलं. चौथ्यांदा सायलेन्सरनं भाजलं. एकेक जागा, एकेक वाट त्यानं नावानिशी सांगितली. आवाजात राग नव्हता, चढ नव्हता. तिच्या हातातली फोड तशीच राहिली, आणि शेजारच्या खाटेवरची माणसं बघत असताना सुद्धा तिनं आपलं मनगट सोडवून घेतलं नाही.