काळा नकली मासा

वॉलाय मासा धरायची बंदी मे महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री बाराला उठते. त्या रात्री आमच्या तळ्यावर कुणी झोपत नाही. माझ्या बायकोच्या माहेरचा नियम असा, की पहाटेपर्यंत ज्याला एकही मासा लागला नाही, त्याने सगळ्यांचे मासे साफ करायचे. अकरा वर्षं ते काम माझ्याकडे होतं. एकदा तरी ते दुसऱ्याकडे जावं, एवढंच मला हवं होतं. पण बोलून दाखवायचं धाडस झालं नव्हतं.

"दाजी, सुरीला धार लावून ठेवलीय," मेहुणा रेइनो होडीतून म्हणाला. "तुमच्या त्या मासेमारीच्या पुस्तकात यंदा काय लिहिलंय?"

"रात्री वॉलाय उथळ पाण्यात येतो म्हणे," मी पुटपुटलो. "नक्की ठाऊक नाही."

"मग बसा काठाला. मी चाललो खोल पाण्यावर."

लेम्पी, माझी बायको, धक्क्याच्या टोकाशी बसली. तिने गळाला जळू टोचली, वर दोरीला इवल्या दिव्याचा तरंगता फ्लोट लावला आणि साडेबारालाच एक मासा काढला. मी आपला गळांच्या पेटीसमोर. शिशाचा गळ लावला, काढला. जळू लावली, काढली. शेवटी लांबट काळा नकली मासा बांधला. तीनदा फेकल्यावर वाटलं, चंदेरीच बरा. कपाळावरचा दिवा लावला.

"विझव तो," लेम्पी म्हणाली. "पाण्यावर उजेड पडला की पळतात ते."

"नुसता बदलतो."

"लग्नाच्या दिवशी तीन टाय बदललेस तू. आता आहे तो राहू दे. आणि रीळ हळू फिरव. अजून हळू. डुलकी लागेल इतकं."

मी दिवा विझवला. अंधारात पेटीतलं काही दिसेना, त्यामुळे बदलणं शक्यच नव्हतं. फेकत राहिलो. हाच चुकीचा असणार, असं दर वेळी वाटायचं. बर्फ वितळून तीनच आठवडे झाले होते. बोटं बधिर झाली. तीनच्या सुमाराला दोरी जड झाली.

"दगडात अडकली वाटतं."

"दगड कधी डावीकडे जातो का रे? काठी वर धर."

जाळीत आल्यावर लेम्पीनेच दिवा लावला. माशाचे डोळे मांजरासारखे चमकले. मला हसू फुटलं ते थांबेचना.

उजाडताना रेइनो परतला. त्याची बादली रिकामी होती.

"हा मोठा कुणाचा?"

"तुझ्या दाजींचा," लेम्पी म्हणाली.

"कशावर घेतलात, दाजी?"

मी खरं ते सांगितलं: काळ्यावर, आणि तोही बदलायला मिळाला नाही म्हणून. रेइनो मान हलवत मासे साफ करायच्या फळीशी बसला आणि त्याने सुरी उलटीच लावली.

"मधल्या काट्याला लागून, सावकाश," मी म्हणालो.

"एका माशात मास्तर झालात की."

"मासा एकच, पण साफसफाई अकरा वर्षांची," मी म्हणालो. कधी नव्हे ते इतक्या मोठ्याने, की शेजारच्या धक्क्यावरचे लोकही हसले.