बाईंच्या परग्रहाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी, जाड काचेची बरणी आहे. आशेने डोकावू नका, माझ्यात खाऊ कधीच नव्हता. सध्या टाचण्या आणि खडूचे तुकडे आहेत. पण एके काळी माझ्या पोटात अख्खा ग्रह होता, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे.

विद्यापीठातल्या एका कारागिराने फुंकून फुंकून मला घडवलं. झाकण असं बसलं पाहिजे की आत वारासुद्धा शिरता कामा नये, असं बाईंनी त्याला तीनतीनदा बजावलं होतं. पृथ्वीबाहेर जीव असू शकतो का, हा विषय बाई शिकवत. त्यांनी भट्टीत भाजलेली लाल माती माझ्यात भरली आणि खाऱ्या तळ्यातले, डोळ्यांना न दिसणारे जीव तीत सोडले. मग पंपाने हवा ओढून घेतली आणि मला थंड पेटीत ठेवलं. परक्या ग्रहावरचे हाल सोसून कोणी तग धरतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. झाकणाखाली कागदाची पट्टी होती. आत कोणी श्वास घेतला, की ती गुलाबी होणार होती.

अकरा वर्षं पट्टी पांढरीफटक राहिली. दर सोमवारी मुलं माझ्यावर टिचकी मारून विचारायची, "काय, आहे का कोणी घरात?" बाई हसायच्या आणि वहीत 'नाही' असं लिहायच्या. वर्गात आधी चाळीस मुलं होती, अकराव्या वर्षी सहा उरली. यंदाही बरणीतून काही निघालं नाही तर हा वर्ग बंद, असं विभागप्रमुखांनी सांगून टाकलं. त्या दिवशी बाई डबा न उघडताच घरी गेल्या.

हे प्रयोगशाळेच्या मामांनी पाहिलं. मामा तिथले जुने शिपाई. बाईंवर त्यांची पाठच्या बहिणीसारखी माया होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि साखरेचं पाणी बोटाने ढवळून माझ्यात ओतलं.

"अकरा वर्षं उपाशी ठेवल्यावर कोण जगेल रे? घ्या, पोटभर प्या," ते पुटपुटले. मग झाकण लावून, पंप चालवून मला जागेवर ठेवलं. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

तिसऱ्या सोमवारी पट्टी गुलाबी झाली. मुलं नाचली. विभागप्रमुखांनी स्वतः येऊन वर्ग चालू राहील असं सांगितलं. मग बाईंनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ मान वर केली नाही. ते जंतू माणसाच्या बोटावरचे होते.

त्यांनी मामांना विचारलं. मामा खोटं बोलले नाहीत.

"मला वाटलं, भुकेले आहेत," ते म्हणाले.

बाई गप्प बसल्या असत्या तर वर्ग वाचला असता, कारण दुसरं कोणी तपासणार नव्हतं. त्यांनी मात्र वहीत खरं तेच लिहिलं. वर्ग बंद झाला. मामांना त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच मामांच्या जिव्हारी लागलं. ते दुसऱ्या इमारतीत बदली मागून गेले. बाई निवृत्त झाल्या. मला धुऊन इथे फळीवर ठेवलं.

एक गोष्ट त्या दोघांनाही ठाऊक नाही, मित्रांनो. माझ्या तळाशी, एका खड्याआड, तळ्यातला एक जीव जिवंत होता. अकरा वर्षं! त्याचा श्वास इतका बारीक, की पट्टीला तो कधी कळलाच नाही. आयुष्य खाऱ्यात काढलेलं, मामांचं गोडं पाणी त्याला कसं सोसणार? पाणी अंगावर आलं आणि तो फुटून गेला. मी काहीच करू शकले नाही.

म्हणून सांगते, माया जरूर करा, पण कोणाचं झाकण उघडण्याआधी त्याला काय चालतं ते विचारा. आणि विचारल्यावर उत्तरासाठी थांबा. अकरा वर्षांत आलं नाही, तर बाराव्या वर्षापर्यंत थांबा.