फ्यूज शाबूत आहे

सासरे आयुष्यभर बसच्या वर्कशॉपात फोरमन होते आणि निवृत्त झाल्यावरही ते पद त्यांनी सोडलेलं नव्हतं. घरातल्या मिक्सरपासून नातवंडांपर्यंत सगळे त्यांच्या हाताखाली कामाला होते. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. 'बटणं दाबायची कामं', हे त्यावर सासऱ्यांचं मत. ज्याच्या नखांत ग्रीस नाही तो मेकॅनिकच नव्हे, इतका त्यांचा साधा हिशेब. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते त्याला 'जावईबापू' म्हणत आणि त्यात मान कमी, चिमटाच जास्त असे.

त्यामुळे त्यांनी आपणहून फोन करून बोलावलं, तेव्हा जावयाला आकाश ठेंगणं झालं. बिघडली होती ती बसून चालवायची गवतकापणीची गाडी. नजर कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी मोटार चालवायला बंदी घातली, तेव्हापासून सासरे हिच्यावरच स्वार होऊन, पाती वर उचलून, मागच्या गल्लीनं मित्राच्या सलूनपर्यंत जायचे. गवत फक्त निमित्ताला. पण सलूनपाशी गाडी बंद केली, की परत चालू व्हायचं नाव घेत नसे.

"बॅटरी नवी टाकली, तीही मेली," सासरे म्हणाले. "करंट हे तुमचं खातं. दाखवा काय दिवे लावताय ते."

आज जमलं तर माणसांत जमा, नाहीतर जन्मभर बटणवाला, हे जावयानं ओळखलं. मीटर काढून तो शेडमध्ये बसला.

रात्रभर चार्जरला लावलेली बॅटरी साडेबाराच्या वर व्होल्ट दाखवत होती. इंजिन पूर्ण रेसवर चालू केलं की तो आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. तो चढला नाहीच, उलट हळूहळू घसरायला लागला. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष होती. तिला कुणी जेवायलाच घालत नव्हतं.

"मग नवीन आणली तो माझा गाढवपणा म्हणायचा," सासरे गुरगुरले.

जावयानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगचा बोल्ट काढून गंज खरवडला. फ्लायव्हीलखालच्या, करंट तयार करणाऱ्या कॉइलची वायर सोडवून मोजली, तर तिथं करंट भरपूर. रेग्युलेटर सासऱ्यांनी आधीच बदललेला. उरली ती रेग्युलेटरपासून बॅटरीकडे जाणारी वायर आणि तिच्यातला फ्यूज.

"फ्यूज शाबूत आहे," सासरे म्हणाले. "उजेडात धरून बघितलाय मी. नजर कमी झालीय, आंधळा नाही झालो." आणि ते हात धुवायला निघून गेले.

जावयानं तरीही मीटर लावला. फ्यूजच्या बॅटरीकडच्या बाजूला बारा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य. त्यानं फ्यूज उपसला. आतली तार अखंड होती. मग फ्यूजच्या एका धातूच्या पायावर सहज नख फिरवलं, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पारदर्शक काहीतरी सुटून आलं. दुसऱ्या पायालाही तेच, अगदी कडेपर्यंत, कुठं ओघळ नाही. करंट अडवायला तेवढं पुरेसं होतं.

"सापडलं वाटतं," दारातून सासूबाई म्हणाल्या.

"नेलपॉलिश?"

"दोन हात दिलेत. एका हातात धकत नव्हतं."

जावयाला हसावं की रडावं कळेना. "पण का?"

"हे घरात असले की टीव्हीचे, बाहेर गेले की मित्रांचे," त्या म्हणाल्या. "गाडी बंद पडली की मला फोन करतात, ये म्हणून. मी मोटार घेऊन जाते आणि येताना मुद्दाम तळ्यावरून आणते. परवा घर येईपर्यंत बोलत होते माझ्याशी. स्वतःहून." त्यांनी पदरानं फ्यूज पुसल्यासारखं केलं. "चांगला घालायचा तर घाला. तुमचं काम आहे. मी काही म्हणणार नाही."

जावयाला मनापासून राग आला. इतक्या वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास, आणि तोही सासूनं मागावा? बरं, तिनं मागितलाही नव्हता, म्हणून तर जास्तच पंचाईत. त्यानं फ्यूज उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "एक पाय उघडा पडलाय."

सासूबाईंनी कमरेला खोचलेली नेलपॉलिशची बाटली काढली. जावयानं फ्यूज धरला, त्यांनी ब्रश फिरवला, आणि दोघांनी मिळून फुंकर घालून तो वाळवला.

सासरे आले तेव्हा फ्यूज जागेवर होता आणि जावई एकटा बसला होता.

"काय, जावईबापू?"

"नाही सापडलं."

तो टोमण्याची वाट बघत राहिला.  पण सासरे बादली पालथी घालून त्याच्या शेजारी बसले.

"नाही ना?" ते म्हणाले. "मला वाटलं, माझाच हात गेला. झोप लागत नव्हती बघ. म्हटलं, एवढीशी गाडी कळत नाही, मग आयुष्यभर केलं काय मी?" त्यांनी गाडीच्या सीटवर एक चापट मारली. "तुलाही सापडत नाही म्हणजे हीच महा बेरकी आहे."

जावई मान खाली घालून मीटरची वायर गुंडाळत राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

"लिफ्टमध्येही होतं का रे असं?" सासऱ्यांनी विचारलं. "सगळं ठीक दिसतंय, आणि तरी हलत नाही?"

इतक्या वर्षांत त्याच्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"होतं की," जावई म्हणाला, आणि गुंडाळलेली वायर बाजूला ठेवून सांगायला लागला.