बादली कुणाच्या हातात?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. अंगभर पोचे आले आहेत, पण अजून गळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवले आणि कडीला लाकडी मूठ बसवली. ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या थोरल्या पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, मला विकत आणले, आणि तेव्हापासून मी तिथेच नांदते आहे.

दर शनिवारी मंडळी जमून मंदिराची फरशी धुवायची. मोरी घासायचे काम थोरले पाळक स्वतःकडे ठेवत. ते दुसऱ्या कोणाला मिळतच नसे. माझी मूठ कोणाच्या हातात द्यायची, हे मात्र ते नीट बघून ठरवत. शिवणकाम करणाऱ्या मावशींचा नवरा गेला, तेव्हा थोरल्यांनी उपदेश केला नाही. पुढची बाकं पुसून द्याल का, एवढेच विचारले. मावशी पुसता पुसता पोटभर रडल्या. त्या दिवशी माझ्यात नळाचे पाणी किती आणि त्यांचे किती, देव जाणे. पुढे त्या एकही शनिवार चुकवत नसत.

मग धाकटे पाळक आले. थोरल्यांच्या हाताखाली शिकून पुढे मंदिर त्यांनीच सांभाळायचे होते. माणूस सोन्यासारखा आणि कामाला वाघ. पुढारी व्हायचे तर आधी सेवक व्हावे, हा धडा त्यांनी असा काही मनावर घेतला की मंडळी यायच्या आत सगळी फरशी धुऊन तयार! मावशी पदर खोचून आल्या की म्हणायचे, "तुम्ही बसा, मी आहे ना." लोकांनी तोंडभरून कौतुक केले. मलाही त्यांनी घासून चकचकीत केले होते, मग मी कशाला तक्रार करीन?

हळूहळू शनिवारी कोणी येईनासे झाले. नंतर रविवारच्या उपासनेतही मावशींची जागा रिकामी दिसू लागली. आपली सेवाच कमी पडते आहे असे वाटून धाकटे आणखी लवकर येऊ लागले.

एकदा थोरले पायरीवर टेकले आणि शांतपणे म्हणाले, "अरे, प्रभू येशू दमून विहिरीपाशी बसला तेव्हा त्यानं पाणी भरायला आलेल्या परक्या बाईकडे पाणी मागितलं होतं. तू कधी कुणाकडे काही मागतोस?"

धाकट्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते फडका पिळत राहिले. त्यात पाणी उरले नव्हते. मग मला उचलून ते थेट मावशींच्या दारात गेले. आत शिलाई मशीन चालू होते.

"मावशी, मला एकट्याला जमत नाही. याल का?"

"इतके दिवस जमत होतं की," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

"जमत नव्हतं. फरशी तेवढी स्वच्छ होत होती."

मशीन थांबले. मावशींनी पायांत चपला सरकवल्या आणि माझी मूठ धरली. धाकट्यांची बोटे सवयीने घट्टच राहिली. मी दोघांच्या मध्ये लोंबकळत होते आणि मला खरेच भीती वाटली. मग त्यांनी हात सोडला. रस्ताभर मावशी मला घेऊन पुढे, आणि रिकाम्या हातांचे काय करावे हे न कळून ते मागे.

मित्रांनो, काम झाले की आम्हा बादल्यांना पालथे घालून ठेवा, म्हणजे गंज धरत नाही. माणसांना मात्र तसे ठेवू नका. ती गंजतात. त्यांच्याकडे काहीतरी मागा.